धाप आणि शेजार

पुण्याच्या सदाशिव पेठेंत आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. त्यांस आपण नाना म्हणूं. जन्मांत त्यांनीं विडी ओढली नाहीं. तरी डॉक्टरमंडळी ज्यास 'सीओपीडी' म्हणतात तो फुप्फुसांचा जुनाट विकार त्यांस जडला आहे. घरांत त्यास दमाच म्हणतात. पण दम्यांत आकसलेल्या श्वासनलिका बहुधा पुन्हां मोकळ्या होतात, या विकारांत त्या पूर्ववत् होत नाहींत. धूम्रपान न करणारासहि चुलीचा धूर, धंद्यांतील धूळ, पूर्वीं होऊन गेलेला क्षय यांमुळें हा विकार जडतो, हें पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें सविस्तर मांडलें आहे.

परंतु आज आम्हांस कारणांविषयीं लिहावयाचें नाहीं. नानांस डॉक्टरांनीं रोज चालावयास सांगितलें आहे, आणि तें योग्यच आहे. धापेच्या भयानें माणूस बसून राहिला कीं पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि मग थोड्या श्रमानेंहि अधिकच धाप लागते. पण चालावें कोठें? बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं. खालीं उतरावें तर पदपथावर दुचाक्या उभ्या, आणि शंभर पावलांवर क्षणभर टेकावयास बांक नाहीं. एका दुकानदारानें एकदां आपलें स्टूल पुढें केलें, तें नाना अजून सांगतात. अखेर ते गॅलरींतच येरझारा घालूं लागले. अकरा पावलें, कीं कठडा!

गॅलरींत तरी सुख असावें? सकाळीं समोरच्या अंगणांत पालापाचोळा पेटे. (केरकचरा जाळण्यास २०१६ च्या नियमांनीं मनाई केली, हें त्या अंगणास कोणीं सांगावें!) संध्याकाळीं खालच्या बिऱ्हाडांतून डासांच्या कॉइलचा धूर वर येई. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असें २००३ सालच्या एका संशोधनांत आढळलें आहे. पण त्या बिऱ्हाडांत तान्हें मूल. आणि डेंग्यूचें भय कोणास नाहीं? बोलावें कीं न बोलावें, यांत नानांच्या सूनबाईंचे आठ दिवस गेले. शेवटीं त्या खालीं गेल्या, तेव्हां त्या घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, मग इतके दिवस बोललां कां नाहींत?" दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या पाळण्यावर मच्छरदाणी लागली.

सोसायटीची सभा मात्र इतकी सोपी गेली नाहीं. जिन्याच्या वळणावर नानांकरितां खुर्ची ठेवावी, एवढीच विनंति होती. वाट अडेल म्हणून आक्षेप निघाला, आणि तो अगदींच गैर नव्हता. मग भिंतीस मिटणारी फळी बसवावी असें ठरलें. खर्च कोणीं करावा, यावर आणखी एक सभा झाली.

गेल्या रविवारीं नाना त्या फळीवर दोनदां टेकले, फाटकापर्यंत गेले, आणि आपलें वर्तमानपत्र स्वतः घेऊन वर आले.