काचेवरचे दव आणि सिमो हायहाची रायफल

१/ हिवाळा आला की समाजमाध्यमांवर एक गोष्ट हमखास फिरू लागते. फिनलंडचा ठेंगणा शेतकरी, अंगात पांढरा पोशाख, उणे ४० अंशांची थंडी आणि हातात दुर्बीण न लावलेली साधी रायफल. शेवटी तात्पर्यही ठरलेले असते : ‘खऱ्या नेमबाजाला दुर्बीण लागत नाही.’ गोष्ट खरी आहे. तात्पर्य मात्र मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा धागा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ सिमो हायहाचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी रशियाच्या सीमेलगतच्या राउत्यार्वी परिसरात झाला. शेती आणि शिकार हे त्याचे आयुष्य. तरुणपणी तो फिनलंडच्या नागरी रक्षक दलात दाखल झाला आणि तेथे नेमबाजीच्या स्पर्धा जिंकू लागला. त्याची रायफल होती एम/२८-३०, म्हणजे रशियन मोसिन-नागां रायफलीची फिनलंडने सुधारलेली आवृत्ती. तिच्या पुढच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे असत. ते तिकडच्या शिकारी कुत्र्याच्या ताठ कानांसारखे दिसत, म्हणून त्या कुत्र्याचेच नाव रायफलीला पडले.

३/ ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्याने फिनलंडवर आक्रमण केले. लाडोगा सरोवराच्या उत्तरेला कोल्ला नदीच्या आघाडीवर हायहा लढला. तापमान उणे २० ते उणे ४० अंशांच्या दरम्यान. साधारण शंभर दिवसांत त्याच्या नावावर पाचशेच्या आसपास शत्रुसैनिकांची नोंद झाली. नेमक्या आकड्याबद्दल वाद आहेत, पण तो असामान्य नेमबाज होता याबद्दल वाद नाही. ६ मार्च १९४० रोजी स्फोटक गोळीने त्याचा जबडा फोडला. तो शुद्धीवर आला १३ मार्चला, ज्या दिवशी युद्ध थांबले त्याच दिवशी.

४/ त्याने दुर्बीण का वापरली नाही? त्याची कारणे अगदी व्यवहारी होती. पहिले, दुर्बीण नळीच्या वर बसते, त्यामुळे पाहताना डोके काही बोटे वर उचलावे लागते आणि समोरच्या नेमबाजाला तेवढे पुरते. दुसरे, काचेवर ऊन चमकले की जागा उघड होते. तिसरे, कडाक्याच्या थंडीत काचेवर दव आणि हिमकण जमून ती आंधळी होते. ही तीन कारणे लक्षात ठेवा. पुढचा सारा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

५/ काच आंधळी होणे म्हणजे काय, हे आपल्याला फिनलंडला न जाताही ठाऊक आहे. पावसाळ्यात कोकणात वातानुकूलित गाडीतून उतरले की चष्म्यावर धुके चढते. हॉटेलच्या गार खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की पहिली पाच मिनिटे छायाचित्रात दूधच दूध दिसते. थंड काचेला दमट हवा लागली की हवेतील बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसते. फिनलंडमध्ये ही दमट हवा आभाळातून येत नाही. ती नेमबाजाच्या नाकातोंडातून येते.

६/ याचे गणित सोपे आहे. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. उणे २० अंशांना तीच हवा जेमतेम एक ग्रॅम धरते. उरलेल्या पाण्याला कोठेतरी बसावेच लागते. रायफलच्या दुर्बिणीत डोळ्याची काच तोंडापासून वितीभर अंतरावर असते. एक उच्छ्वास चुकीच्या दिशेने गेला की तिच्यावर बाष्प बसते आणि क्षणात गोठते. बोटाने पुसावे तर बर्फ काचेवर फासला जातो.

७/ हे झाले बाहेरचे दव. खरा घात करते ते आतले. त्या काळच्या दुर्बिणी आजच्यासारख्या हवाबंद नव्हत्या. जोडणीच्या वेळी कारखान्यातील हवा नळीत अडके आणि तिच्यासोबत तिचे बाष्पही. बाहेर थंडी वाढली की ते बाष्प भिंगांच्या आतल्या अंगाला बसे, तेथे रुमाल पोहोचत नाही. भिंगे एकमेकांना चिकटवण्यासाठी कॅनडा बाल्सम ही झाडाची राळ वापरत. कडाक्याच्या थंडीत ती ठिसूळ होई आणि भिंगांचा जोड सुटू शके. १९३९ची दुर्बीण नाकारण्यात हायहाचा हट्ट नव्हता, अनुभव होता.

८/ मग तात्पर्य बरोबरच नाही का? नाही. कारण जवळजवळ तीन वर्षांनी, १९४२च्या हिवाळ्यात, स्तालिनग्राडच्या अवशेषांत आणखी एक शिकारी लढत होता. वासिली झाइत्सेव्ह, उरल पर्वताच्या परिसरातला, आजोबांकडून शिकार शिकलेला. त्याच्या नावावर २२५ शत्रुसैनिकांची नोंद आहे. त्याची रायफलही मोसिन-नागांच, हायहाच्या रायफलीची बहीण म्हणावी अशी. फरक एवढाच की तिच्यावर दुर्बीण होती. रशियन हिवाळ्यातही ती त्याच्या उपयोगी पडली. एका शिकाऱ्याचे उदाहरण घ्यायचे तर दुसऱ्याचेही घ्यावे लागते.

९/ आता युद्धाकडून शिकारीकडे येऊ. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात ल्युपोल्ड नावाची कंपनी जमीन-मोजणीची उपकरणे बनवत असे. कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते ती हकीकत अशी : घरातला मार्कस ल्युपोल्ड हरणाच्या शिकारीला गेला, ऐन वेळी दुर्बिणीत धुके भरले, हरीण निसटले आणि ‘याहून चांगली दुर्बीण मीच बनवीन’ असे तो चिडून म्हणाला. १९४७ साली कंपनीची पहिली रायफल-दुर्बीण बाजारात आली. कंपनी आपल्या दुर्बिणींच्या नळीत नायट्रोजन भरू लागली.

१०/ नायट्रोजनभोवती जाहिरातींनी बरेच वलय उभे केले आहे. खरे तर आपल्या श्वासातल्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याच्यात जादू नाही, जादू कोरडेपणात आहे. नळीतील दमट हवा काढायची, कोरडा वायू भरायचा आणि रबरी कड्यांनी सांधे असे बंद करायचे की पुन्हा बाष्प शिरू नये. आत पाणीच नसेल तर ते गोठणार कोठून? रबरी कडे झिजले की मात्र वायू जातो, बाष्प येते आणि दुर्बीण पुन्हा १९३९ सालात जाऊन बसते.

११/ आता हायहाची तीन कारणे पुन्हा काढा आणि आजच्या शिकाऱ्याला लावून पाहा. डोके वर उचलावे लागते? हिमवनातला मूस म्हणजे सांबराहूनही थोराड असे हरीण, ते उलट गोळी झाडत नाही. काच चमकते? जागा उघड झाली तर फार तर सावज पळेल, शिकाऱ्याचा जीव जाणार नाही. उरते तिसरे कारण, दव. त्यातले आतले दव हवाबंद नळीने बव्हंशी संपवले. उरले ते बाहेरचे आणि ते शिकाऱ्याच्या स्वतःच्या सवयींवर अवलंबून आहे. युद्धातील निर्णय युद्धातील कारणांसह उचलावा लागतो. कारणे मागे ठेवून नुसता निर्णय उचलला की इतिहासाची दंतकथा होते.

१२/ दुर्बिणीच्या बाजूने एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. एनसीसीत रायफल हाताळलेल्यांना आठवेल, की साध्या रायफलीत डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत धराव्या लागतात : मागची खाच, पुढचे टोक आणि लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. युद्धाच्या वेळी हायहा चौतीस वर्षांचा होता. पन्नाशीच्या डोळ्यांना खाच धूसर दिसते आणि संधिप्रकाशात टोकही. दुर्बीण खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात आणते. समोर नर आहे की मादी, मागे कोणी माणूस तर नाही ना, हेही दाखवते.

१३/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे : थंड प्रदेशातल्या शिकाऱ्याने दुर्बीण वापरावी, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. ती अजूनही अडते. खुणा सरकवण्याच्या यंत्रणेतले वंगण थंडीत घट्ट होते. १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याची शस्त्रे तेल गोठल्याने अडली होती, हा त्याच जातीचा अनुभव. अ‍ॅल्युमिनियम थंडीत पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि पोलादी पकड यांतला ताण बदलतो आणि जोडणी कच्ची असेल तर नेम सरकतो. प्रकाशमान खुणेची बॅटरीही थंडीत लवकर दम तोडते.

१४/ प्रत्येक हुकलेल्या नेमाचे खापर दुर्बिणीवर फोडणेही अन्यायाचे आहे. उणे २० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के दाट असते. गोळीला जास्त विरोध होतो. काडतुसातील दारूही थंडीत काहीशी मंदावते, त्यामुळे गोळीचा आरंभीचा वेग घटतो. दोन्ही मिळून लांबच्या अंतरावर गोळी खाली पडते. उन्हाळ्यात मैदानावर बसवलेला नेम हिवाळ्यात चुकला, तर चूक काचेची नसते. ज्या थंडीत शिकार करायची त्याच थंडीत नेम तपासला नाही, ही चूक माणसाची.

१५/ अनुभवी लोकांच्या सवयी साध्या आहेत. रात्री रायफल उबदार खोलीत आणून लगेच पुन्हा थंडीत न्यायची नाही. गार धातूवर घरातले बाष्प बसते आणि बाहेर गेल्यावर गोठते. ती रिकामी करून, कुलूपबंद अशा थंड जागी ठेवायची. आत आणावीच लागली तर बाहेरच बंद पेटीत घालायची आणि पेटीसकट हळूहळू उबेला येऊ द्यायची. काचांवर झाकणे असू द्यावीत. रायफल खांद्याला लागल्यावर उच्छ्वास बाजूला सोडावा. हायहा तोंडात बर्फ धरून श्वासाची वाफ लपवी, असे सांगतात. त्याचा हेतू वेगळा होता, पण स्वतःच्या श्वासाचे भान तेच.

१६/ एवढा काथ्याकूट कशासाठी? धुकट काचेतून झाडलेली गोळी बहुधा पूर्ण हुकत नाही, हेच दुःख आहे. ती पोटात लागते, पायात लागते. जखमी जनावर बर्फात मैलोन्‌मैल चालत राहते आणि रात्रभर तडफडत मरते. फिनलंडमध्ये मूसच्या शिकारीसाठी नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, ती याच जाणिवेतून. सावज नीट दिसत नसेल तर गोळी झाडायची नाही, हा शिकारीचा पहिला धर्म आहे. दुर्बिणीची विश्वासार्हता हा सोयीचा प्रश्न असतो शिकाऱ्याला. जनावराच्या बाजूने पाहिले तर तो यातनांचा प्रश्न असतो.

१७/ आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण थंडी आणि काच यांचा संबंध आपल्याला परका नाही. एप्रिल १९८४पासून सियाचेनवर आपले सैनिक उभे आहेत आणि त्यांत मराठी मुलखातले जवानही आहेत. तेथे काच आंधळी होणे किंवा तेल गोठणे हा चर्चेचा विषय राहत नाही. अशा ठिकाणी ‘खऱ्या वीराला साधन लागत नाही’ ही वाक्ये टाळ्या मिळवतात, पण कोणाच्या उपयोगी पडत नाहीत. वीरालाही चांगले साधन लागते, आणि ते कोठे दगा देईल याची माहितीही लागते.

१८/ हायहा १ एप्रिल २००२ रोजी वारला, ९६ वर्षांचा होऊन. युद्धानंतर तो मूसची शिकार करी, कुत्री पाळी आणि आपल्या पराक्रमाबद्दल फारसे बोलत नसे. इतका अचूक नेम कसा साधला असे विचारल्यावर त्याने एका शब्दात उत्तर दिले : सराव. १९४० साली त्याने लिहून ठेवलेल्या आठवणी पुष्कळ वर्षांनी उजेडात आल्या. त्यांत मारलेल्या सैनिकांच्या हिशेबाला त्याने ‘पापांची यादी’ म्हटले आहे. ज्या आकड्यावर आपण टाळ्या वाजवतो, त्याला तो माणूस पाप म्हणत होता.

१९/ म्हणून पुढच्या हिवाळ्यात ती गोष्ट पुन्हा तुमच्यापर्यंत आली, तर पुढे जरूर पाठवा. फक्त शेवटची ओळ बदला. हायहाने दुर्बीण नाकारली, कारण तिचे दोष त्याला पाठ होते. ज्याला आपल्या साधनाचे दोष पाठ आहेत, त्याने ते वापरले काय आणि बाजूला ठेवले काय, तो सहसा चुकत नाही. बाकीच्यांनी आधी काच पुसावी, आणि ती स्वच्छ दिसेपर्यंत चापावरचे बोट काढून ठेवावे.

धागा समाप्त.