निदान स्वस्त, विलंब महाग

१९३४ साली नॉर्वेतील डॉ. फोलिंग यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले आणि ती हिरवी झाली. अन्नातील एक अमिनो आम्ल जिरविण्याची शक्ती जन्मतःच नसल्याने मेंदूची हानी होते, हा त्या रंगाचा अर्थ होता. परंतु लघवी हा रंग दाखवू लागेपर्यंत मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणूनच पुढे जन्मानंतर लगेच टाचेतून रक्ताचा थेंब घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. निदान वेळेत झाले, तर प्रथिनांचे काटेकोर पथ्य पाळून बालकाची बुद्धी वाचविता येते.

गोव्याने २००८ साली नवजातांची अशी तपासणी हाती घेतली. बीड जिल्ह्यात मात्र प्रश्न अधिक बिकट आहे. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे अशा आनुवंशिक दोषांची शक्यता वाढते. शिवाय ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास जिल्हा सोडतात; नमुना एका गावी घ्यावा आणि अहवाल येईतो बाळ दुसऱ्याच फडावर असावे, अशी ही स्थिती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने तपासणी हा खर्च नसून गुंतवणूक होय. पण अहवाल आईच्या हाती पडला नाही आणि पथ्याचा महागडा आहार मिळाला नाही, तर ती बुडीत खाती जाते. आजन्म परावलंबनाचा बोजा अंदाजपत्रकात दिसत नाही. तो त्या माउलीच्या मजुरीतून वसूल होतो. तेव्हा तपासणी अवश्य व्हावी. मात्र कोयत्याबरोबर बाळाची नोंदही फडोफडी फिरली पाहिजे.