आधीं पंचनामा, मग निकाल

पीक पिवळें पडलें कीं आपले शेतकरी बंधू दुकान गांठतात व सांगतील तें औषध आणतात. हा पंचनाम्यावांचून निकाल होय. पहिला तर्क मनांत बसला म्हणजे त्यास अनुकूल तेवढाच पुरावा दिसतो; म्हणून दोन कारणांत निवाडा करील असा पुरावा आधीं शोधावा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढत असेल तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला असेल तर लोहाची. तूर सुकत असल्यास एक झाड उपटून खोड उभें चिरावें. आंत काळपट रेषा दिसल्यास तो मर रोग समजावा, पाण्याचा ताण नव्हे. घटकाभराची तपासणी टाळून सबंध हंगाम गमवावा, हा कोणता हिशेब?