महाधमनीचा फुगवटा: व्यास पुरेसा आहे का?

पोटातील महाधमनी फुगली, तर शस्त्रक्रिया कधी करायची? पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंटिमीटर व्यास ही प्रचलित मर्यादा आहे. मात्र काही फुगवटे त्याआधीच फुटतात, तर काही त्याहून मोठे होऊनही टिकतात.

धमनी साध्या स्प्रिंगसारखी वागत नाही. आधी ती सहज ताणली जाते. मग कोलॅजनचे तंतू ताठ होतात आणि ती झपाट्याने कडक होते. हूकचा सरळ प्रमाणाचा नियम इथे अपुरा पडतो. होल्झापफेल, गॅसर आणि ऑग्डेन यांनी २००० मध्ये तंतूंची दिशा विचारात घेणारी समीकरणे मांडली. अशा समीकरणांमुळे सीटी स्कॅनवरून धमनीच्या भिंतीवरील ताणाचा अंदाज बांधता येतो.

मुख्य अडचण म्हणजे, तो ताण सोसण्याची प्रत्येक रुग्णाच्या भिंतीची ताकद बाहेरून थेट मोजता येत नाही. म्हणून आजही निर्णय प्रामुख्याने व्यासावरच होतो.