परत वाढायची तारीख

"मावशी, हिंगात गहू असतो हे तुला माहीत होतं का?" भाचीचा फोन. नाशिकच्या तिच्या घरी ओट्यावर सगळ्या डब्या काढून ती एकेकीवरचं बारीक अक्षर वाचत बसली होती. आपण फोडणीत चिमूटभर टाकतो तो डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. निव्वळ हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मिसळून विकतात. ज्या घरातून गहू बाहेर काढायचा आहे, तिथे चौकशी अशी वरणाच्या फोडणीपासून सुरू होते.

तिची दोन्ही मुलं ॲलर्जीची. थोरला सहा वर्षांचा. दूध किंवा अंडं पोटात गेलं की काही मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात. धाकटी अडीचची. तिचं दुखणं चोरपावलांनी येतं. कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणीत इसब, रात्र रात्र खाजवणं, मधूनच शौचाला आव. तिच्या बाबतीत दूध, गहू, सोयाबीन आणि शेंगदाणा या चौघांवर संशय आहे. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी मिळून तिला मोजका आहार आखून दिला: भात, ज्वारी, नाचणी, मुगाची डाळ, लाल भोपळा, दुधी, गाजर, केळं, कोंबडीचा रस्सा. मुदत चार आठवडे. त्याच कागदाच्या मागे त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून दिली. चार आठवडे झाल्यावर कोणता पदार्थ कधी, किती आणि कोणत्या क्रमाने परत द्यायचा, ते. मला या कागदाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा मोलाची वाटते. आजचा लेख त्या मागच्या बाजूसाठीच आहे.

कारण घरोघरी मी उलट पाहते. पदार्थ बंद होतात ते होतात. मुलाची कातडी जरा निवळली, रात्रीची झोप लागू लागली की आईला ताटात काहीही बदलायची धास्ती वाटते. ती धास्ती मला समजते. महिनोन् महिने रडणारं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कुणी उपदेश करू नये. पण चार पदार्थ एकदम काढल्यावर मूल सुधारलं, तर त्यावरून चौघांतला दोषी कोण हे कळत नाही. कदाचित ऋतू बदलला असेल, कदाचित मलम लागू पडलं असेल. पदार्थ एकेक करून परत आला, त्रासही त्याच्यासोबत परत आला, की मगच बोट ठेवता येतं. तोवर निरपराध पदार्थही मुलाच्या ताटाबाहेरच राहतात.

याची फार मोठी किंमत एका जुन्या आजारात मोजली गेली आहे. तो म्हणजे सिलिॲक, आतड्याचा आजार, ज्यात खाल्लेलं अंगी लागत नाही. ती ॲलर्जी नव्हे, पण गोष्ट इथे लागू पडते. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांनी या आजाराने खंगलेल्या मुलांना केळ्यांवर ठेवून बरं केलं. ब्रेड, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद. मुलं खरोखर वाचली आणि श्रेय केळ्याला गेलं. पुढे कितीतरी वर्षं मुलं केळी खात राहिली. भात आणि बटाटाही उगाच त्यांच्यापासून दूर राहिले. बरी झालेली मुलं पुन्हा पावाकडे वळली, कारण पाव हेच मूळ आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते शोधलं नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. हेगच्या मुलांच्या इस्पितळात ते काम करत. गव्हाबद्दलचा त्यांचा संशय जुना होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला, आणि त्या काळात ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलांच्या आहारात त्यांनी एकेक धान्य घालून पाहिलं, काढून पाहिलं, शौचातली चरबी मोजली. गहू आणि राय बाधतात; तांदूळ, मका, बटाटा बाधत नाहीत. १९५०च्या त्यांच्या प्रबंधात हे सगळं नोंदलेलं आहे. हास यांनी मुलांचा जीव वाचवला, पण त्यांना भात परत मिळाला तो डिकेंच्या चिकाटीमुळे.

दूर ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हेही नेहमी खरं नसतं. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ साली लंडनमधल्या गिडिऑन लॅक यांच्या चमूने ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. ज्यांनी शेंगदाणा टाळला त्यांच्यातल्या १७ टक्क्यांहून अधिक मुलांना पाच वर्षांचं होईतो शेंगदाण्याची ॲलर्जी झाली. ज्यांनी लहानपणापासून नेमाने खाल्ला त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. ही बाळं आधी तपासून घेतलेली होती, म्हणून हा प्रयोग कुणी घरी करू नये. पण इसबासाठी एखादा पदार्थ फार काळ बंद ठेवला, तर पुढे तोच पदार्थ एकदम जोराची ॲलर्जी घेऊन येऊ शकतो, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. धाकटीच्या कागदावर चार आठवड्यांची मुदत आहे ती यासाठी.

थोरल्याची गोष्ट वेगळी, आणि दोघांची गल्लत झाली तर जिवावर बेतेल. काही मिनिटांत गांधी, सूज, उलटी, दम अशा मार्गाने ज्याची ॲलर्जी येते, त्याला बंद पदार्थ घरी चाखवून बघायचा नाही, एक थेंबही नाही. ती चाचणी इस्पितळात, डॉक्टरांसमोर, ॲड्रेनलिन भरून तयार ठेवूनच होते. भाचीला आणि तिच्या नवऱ्याला मांडीत इंजेक्शन द्यायला शिकवलं आहे. सेट्रिझिनच्या सिरपने गांधी आणि खाज कमी होते, पण श्वास अडकला तर ते पुरत नाही. तेव्हा आधी ॲड्रेनलिन आणि लगेच इस्पितळ. दुधाची नि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. खूप भाजलेल्या केकमधलं दूध-अंडं पचणारी मुलं पुष्कळ असतात, कारण उष्णतेने त्यातल्या प्रथिनांचा आकार बदलतो. थोरल्याची पहिली चाचणी त्याच पायरीपासून होणार आहे. म्हणजे त्याच्या कागदालाही मागची बाजू आहे, फक्त ती इस्पितळात उघडायची.

भाचीच्या एका ओळखीच्या बाईने मुलाचं रक्त एका प्रयोगशाळेत दिलं आणि तिला लाल-हिरव्या रंगांची भलीमोठी यादी मिळाली. तांदूळ लाल, मूग लाल, केळं लाल. त्या चाचणीत रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड मोजतात. आयजीजी हे बहुधा एवढंच सांगतं की मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. अशा यादीवरून मुलाचं जेवण तोडणाऱ्यांचा मला राग येतो. आयजीई हे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड मोजणारी रक्ततपासणी किंवा त्वचेवरची टोचणी कामाची असते, पण तिचा आकडा वर आला म्हणजे ॲलर्जी झालीच असंही नाही. आईने सांगितलेली हकिगत सोबत लागते.

बंदीच्या काळात मूल वाढत राहिलं पाहिजे, आणि इथे दुधाची जागा भरणं सर्वांत अवघड. नाचणीचं कौतुक आपण करतो ते योग्यच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण अडीच वर्षांची पोर दिवसात नाचणी खाऊन खाऊन किती खाणार? एक वाटी सत्त्व आणि अर्धी भाकरी. म्हणून तिला कॅल्शियमचं औषध आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे, आणि दर भेटीला वजन-उंचीचा आलेख भरला जातो. दुधाऐवजी तांदळाचं पेय हा उपाय तर करूच नये. २००१ साली अमेरिकेत त्यावरच वाढवलेल्या एका बाळाला क्वाशिओरकर झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. पोट भरत होतं, प्रथिनं मिळत नव्हती.

घरातली व्यवस्था भाचीने तिच्या पद्धतीने लावली. ज्वारी-नाचणीचं दळण गिरणीत टाकलं की सुरुवातीच्या पिठात आधीचा गहू उतरतोच. गिरणीवाले काका भले; सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या हिचं दळण घेऊ लागले. तरी तिचं समाधान होईना, तेव्हा घरघंटी आणली. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट गेलं, ओलं खोबरं आलं. पोळपाट-लाटणं वेगळं केलं आणि त्याला लाल दोरा बांधला, म्हणजे कामाला येणाऱ्या ताईंनाही कळावं. तिने एक वही केली आहे. काय खाल्लं, किती वाजता, कातडी कशी, शौच कसं, झोप किती. धाकटीला ताप आला तो आठवडा तिने वहीत रेघ मारून बाद केला. त्या दिवसांत काहीही परत सुरू केलं असतं तरी खरं उत्तर मिळालं नसतं. आईची ही शिस्त कुठल्याही यंत्राइतकी उपयोगाची आहे.

वेष्टनांबद्दल एक तक्रार मात्र सरकारदरबारी पोचायला हवी. २०२०च्या नियमांनी आपल्याकडे गहू, दूध, अंडं, मासे, कवचाचे मासे, शेंगदाणा, सुकामेवा, सोयाबीन यांची सूचना वेष्टनावर सक्तीची केली. तीळ त्या यादीत नाही, हरभरा नाही. गोड्या मसाल्यापासून संक्रांतीपर्यंत तीळ खाणाऱ्या आणि बेसनावर जगणाऱ्या देशात ही उणीव राहायला नको. सुटी मिठाई आणि फरसाण यांच्यावर तर वाचायला काही नसतंच.

म्हणून आजी-आजोबांना, काका-मावश्यांना आणि शेजाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून पेढ्याचा कण भरवू नका. मूल तुमच्याकडे जेवायला येणार असेल तर आधी त्याच्या आईला फोन करा, ती डबा पाठवते म्हणाली तर मानाने घ्या आणि तो इतर मुलांच्या पंगतीतच, त्यांच्यासारख्याच ताटात वाढा. विकतचं काही आणलं असेल तर वेष्टन फेकू नका, तिला वाचायला ठेवा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिला आठवणीने विचारा, "अगं, आता काय परत सुरू झालं?" भाचीच्या घरी पुढच्या सोमवारी धाकटीला सोयाबीनच्या पिठाचा पाव चमचा भाकरीत मिसळून द्यायचा आहे. त्रास झाला नाही तर त्याच्या पुढे शेंगदाणा, मग गहू, आणि दूध सगळ्यांत शेवटी.