धारमध्ये कार्ड आहे पण दवाखाना लांब. देवासमध्ये दवाखाना जवळ, पण यादीत नाव नाही

१७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी धार जिल्ह्यातल्या भैंसोल्यात आले. पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान सुरू झालं आणि सिकलसेल तपासणीचं मध्य प्रदेशातलं एक कोटीवं कार्ड दिलं गेलं. कार्यक्रम मोठा झाला. पण तपासणीत आजार निघाला, तर पुढचा खर्च कोण करणार?

कागदावर उत्तर आहे: आयुष्मान भारत. सप्टेंबर २०१८ पासून सुरू असलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. आधीपासूनचा आजारही चालतो आणि घरात माणसं किती, यावर मर्यादा नाही. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के.

गोम पात्रतेत आहे. उत्पन्न कमी आहे एवढ्यावर कार्ड मिळत नाही; यादीत नाव लागतं. मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची. मध्य प्रदेशाने त्यात संबल योजनेतले मजूर आणि रेशनची पात्रता पर्ची असलेली कुटुंबं जोडली. समग्र आयडी आणि आधारवरची माहिती जुळली की कार्ड निघतं.

धार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी. त्यामुळे कुक्षी, डही, गंधवानी या पट्ट्यात यादीत बसणारी घरं भरपूर. तिथली अडचण वेगळी. मोठ्या उपचारासाठी इंदूर गाठावं लागतं. धार शहरापासूनच ते साठ-पासष्ट किलोमीटर, कुक्षी-डहीहून तर कितीतरी जास्त. ऑपरेशनचा खर्च योजनेत बसतो, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी बसत नाही. कामासाठी गुजरातेत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या योजनेशी जोडलेल्या दवाखान्यातही हे कार्ड चालतं.

देवासचं चित्र उलटं. इंदूर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण शहर कारखान्यांचं. भाड्याच्या खोलीत राहणारा ठेकेदारीवरचा कामगार २०११ च्या यादीत असेलच असं नाही. ईएसआयचा आधार आहे, पण तो नोंदणी झाली तरच. आणि पगार २१ हजारांच्या वर गेला की तोही सुटतो. दुकानात काम करणारे, घरगुती डबे देणारे, छोट्या पगारावरचे शिक्षक हे ना पर्चीत, ना ईएसआयमध्ये. पवारांच्या संस्थानांमुळे धार-देवासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतलीही अशी मंडळी याच फटीत अडकतात.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वय वंदना कार्ड मिळू लागलं. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी ५ लाखांपर्यंतचं संरक्षण वेगळं. म्हणजे आजोबांची सोय झाली. पंचेचाळिशीतला कमावता मुलगा मात्र उघडाच राहिला.

शेजारच्या महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या रहिवाशांना खुली करायचा आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख करायचा निर्णय घेतला. तिथेही दवाखान्यांच्या तक्रारी आहेतच, पण ‘यादीत नाव आहे का’ हा पहिला अडसर तरी हटवायचं ठरलं.

दोन्हीकडे एक खर्च बाहेरच राहतो: बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि ओपीडी. योजना भरती झाल्यावर सुरू होते. भरतीआधीचे ३ आणि सुटीनंतरचे १५ दिवस तेवढे त्यात येतात. गरिबाचा खिसा मात्र महिन्याच्या महिन्याला रिकामा होतो. म्हणून धारला जवळ डॉक्टर हवेत आणि देवासला २०११ च्या पुढची यादी. नुसती कार्डं मोजून दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत.

तोवर करण्यासारखं एकच: आजारपण यायच्या आधी १४५५५ वर फोन करून आपलं नाव तपासून घ्या. स्ट्रेचरवरून ही धावपळ होत नाही.