आलेख काढणारा कॅल्क्युलेटर

कॅल्क्युलेटर घ्यावा की नको, हा काही लेखाचा विषय नव्हे असं तुम्ही म्हणाल. पण या एका वस्तूवरून आमच्या घरात पंधरा दिवस वाद चाललाय आणि त्यात सगळ्यांत जास्त मीच बोललोय. तेव्हा इथेही बोलतो.

माझा भाचा फोंड्याचा. हुबळीला विद्यानगरात इंजिनिअरिंग करतो, इलेक्ट्रिकलला आहे, आणि उणकल तलावाच्या बाजूला दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. (शिकायला घाट चढून बेळगाव-धारवाड-हुबळीला जायची रीत आपल्याकडे जुनीच. फर्मागुडीला सीट नाही मिळाली की लोंढ्याकडची गाडी धरायची.) त्याच्याकडे थोरल्या बहिणीचा वापरलेला कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस आहे. आता त्याला आलेख काढणारा, रंगीत पडद्याचा हवाय. किंमत ऐकून मी गप्प झालो. त्या पैशांत जुन्यासारखे पाच-सहा तरी आले असते.

हे खूळ न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडून आलं. तिकडे शाळेतच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ घ्यावा लागतो. हा टीआय-८४ प्लस २००४ साली आला. पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा आणि आत १९७६ सालच्या झेड-८० जातीची चिप. एवढ्या काळात मोबाइल कुठल्या कुठे गेले, पण हे यंत्र शंभर डॉलरच्या वर विकलं जातच राहिलं. का? तर ते परीक्षेत चालतं म्हणून. तिथल्या परीक्षा आणि पाठ्यपुस्तकंच त्याला धरून बसली. आता सॅट परीक्षा संगणकावर आली, बाहेरच्या देशांत २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून, आणि तिच्यातच डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर फुकट बसवून दिलाय. म्हणजे ज्या कारणासाठी ते यंत्र खपत होतं, ते कारण तिकडेही पातळ होत चाललंय.

आपल्याकडे तर ते कधी नव्हतंच. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला लॉग टेबल. जेईईला कॅल्क्युलेटर बंद. विद्यापीठांच्या परीक्षांना बहुतेक ठिकाणी साधा सायंटिफिक चालतो, प्रोग्रॅम भरता येणारा चालत नाही, आणि आलेखवाला त्याच जातीत मोडतो. गेटला तर २०१६ पासून स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, पडद्यावरचा वापरायचा. म्हणजे आमचा भाचा दहा हजारांच्या घरातली वस्तू घेणार आणि परीक्षेला जाताना ती खोलीवर ठेवून जाणार.

इथे माझे एक स्नेही म्हणाले, बरंच आहे की! आपले आजोबा पावकी, निमकी, सवायकी, औटकी तोंडपाठ म्हणत, त्यांचं काय अडलं? हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. औटकी पाठ असलेल्या माणसाला ट्रान्सफॉर्मरचं गणित सुटत नसे. आपल्याच गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन गणकयंत्रांचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेत गेले होते. आणि हेच कोसंबी जुन्या नाण्यांची वजनं स्वतः तराजूत करून नोंदवत. यंत्राचं त्यांना वावडं नव्हतं, पण तराजूचा काटा काय सांगतो हे ते स्वतः बघत.

माझी खरी हरकत इथे आहे. आलेख काढणारं यंत्र आलेख 'जाणत' नाही. पडद्याच्या प्रत्येक उभ्या रांगेसाठी ते एक किंमत काढतं, ठिपका देतं आणि शेजारचे ठिपके जोडतं. बस. जुन्या यंत्रांवर टॅनचा आलेख काढून बघा, नव्वद अंशांपाशी एक ठसठशीत उभी रेघ दिसते. ती रेघ आलेखात नाहीच. एका बाजूचा वर गेलेला ठिपका आणि दुसऱ्या बाजूचा खाली गेलेला ठिपका यंत्राने बापडेपणाने जोडून टाकलाय. फार जलद वरखाली होणारी साइनची लाट दिली तर ठिपके कमी पडतात आणि संथ, देखणी, पण साफ खोटी लाट समोर येते. ज्याने चार आलेख हाताने काढलेत त्याला हे बघताक्षणी खटकेल. ज्याने काढले नाहीत तो ती रेघ वहीत उतरवून घेईल. मी भाच्याला हे फोनवरच्या फुकट जिओजेब्रात आधी करून बघ म्हटलं, तर नव्या सॉफ्टवेअरने ती रेघ गाळली होती आणि मामा तोंडावर पडायची वेळ आली! साइनने मात्र लाज राखली.

"मग फोनवरच भागव ना," मी म्हटलं. जुन्या ९९१ वर किमतींचा तक्ता निघतोच, तो वहीवर मांडायचा आणि फोनवर ताडून बघायचा.

तेव्हा तो जे म्हणाला, ते या पंधरा दिवसांतलं सगळ्यांत वजनदार वाक्य. "मामा, त्या कॅल्क्युलेटरात व्हॉट्सअॅप नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन उघडला की आलेख राहतो बाजूला आणि अर्धा तास जातो, हे मी त्याला काय सांगणार, माझंही तेच होतं. एकच काम करणारी वस्तू ही आता चैन झालीय, आणि ती चैन मागणारा मुलगा अभ्यास टाळत नाहीये, अभ्यासासाठी कोपरा मागतोय. तरीही त्या कोपऱ्याला दहा हजार मोजू नयेत असं माझं मत. घरी पडलेला जुना लॅपटॉप आहे. त्यात जिओजेब्रा घालायचा, इंटरनेट बंद ठेवायचं. त्याची आई म्हणते, घेऊ दे की एकदा. वाद अजून संपलेला नाही.

पुढच्या सेमिस्टरला त्याला कंट्रोल सिस्टिम्स आहे. त्यात बोडे प्लॉट सेमी-लॉग कागदावर हातानेच काढायचा असतो. त्या कागदाचे पन्नास ताव मात्र मी कोप्पिकर रोडवरून घेऊन दिले.